रात्रपाळी, रात्रीचा प्रवास आणि अपुरी झोप: गाडी सुरू करण्याआधी करायचा हिशेब

गणपतीला गावी निघायची आमच्या घरची रीत वर्षानुवर्षं एकच होती. सकाळी सहाला उठायचं, डबे, ऑफिस, संध्याकाळी साडेसातला घरी. मग मखराचं सामान, कपड्यांच्या बॅगा, खाऊच्या पिशव्या डिकीत कोंबायच्या, जेवायचं आणि साडेदहाला मुलुंडहून निघायचं. रात्री ऊन नाही, पोरं झोपून जातात, सकाळी आरतीला घरी, असं सगळं सोयीचं वाटायचं. वडखळ, माणगाव, महाड करत कशेडी घाटाशी पोचेपर्यंत पहाटेचे चार वाजायचे. गाडी आमचे हे चालवायचे. चार वाजता ते २२ तास जागे असायचे, हा आकडा मात्र आम्ही कधीच मोजला नव्हता.

मी नर्स आहे. मुंबईतल्या एका रुग्णालयात १८ वर्षं मॉर्निंग, इव्हनिंग, नाइट अशा पाळ्या करते आहे. अपघातातून आलेली माणसं मी बघितली आहेत आणि त्यातल्या कितीतरी जणांच्या तोंडून "डोळा कधी लागला कळलंच नाही" हे वाक्य ऐकलंय. एकदा ते वाक्य माझ्यावरही आलं. सलग तिसरी नाइट करून सकाळी स्कूटरने घरी येत होते. पूर्व द्रुतगती मार्गावर विक्रोळीचा उड्डाणपूल चढल्याचं आठवतं, त्यानंतर एकदम मागच्या मोटरसायकलवाल्याचा कर्कश हॉर्न आणि मी भांडुपच्या पुढे, दुभाजकाला जवळजवळ चिकटून. मधला रस्ता माझ्या डोक्यात आजही नाही. दुचाकीवर वारा लागतो म्हणून झोप येत नाही, असं समजणाऱ्यांपैकी मीही होते.

म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे. रात्रपाळीवाल्यांसाठी, टॅक्सी-रिक्षा-टेम्पो चालवणाऱ्यांसाठी, आणि सुट्टी वाचवायला रात्रीचा रस्ता धरणाऱ्या प्रत्येक घरासाठी. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगते: गाडी चालवावी की नाही हे ठरवताना "मला झोप येतेय का?" हा प्रश्न स्वतःला विचारू नका. अर्धवट झोपलेला मेंदू त्याचं खरं उत्तर देऊ शकत नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी माणसांना दोन आठवडे रोज फक्त सहा तास झोपू दिलं. शेवटी त्यांची एकाग्रता सलग एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसांइतकी ढासळली होती. त्यांना स्वतःला मात्र आपण थोडेसेच थकलोय असं वाटत होतं. तेव्हा विचारायचं ते घड्याळाला.

पहिलं काम: आठवडाभराची नोंद

फ्रिजवर एक कागद लावा. रोज चार गोष्टी लिहायच्या: अंथरुणाला पाठ कधी टेकली, अंदाजे झोप कधी लागली, कधी उठलात, दिवसा डुलकी किती काढलीत. लोकलमधली डुलकीसुद्धा लिहा. सात दिवसांची बेरीज करा. प्रौढ माणसाला दिवसाला किमान सात तास लागतात, म्हणजे आठवड्याचे ४९. तुमची बेरीज ४० आली तर नऊ तासांची उधारी आहे. मी पहिल्यांदा हा कागद भरला तेव्हा माझी बेरीज ३६ आली होती आणि मला वाटत होतं की मला "सवय झाली आहे".

त्याच कागदावर सुट्टीच्या दिवसाची उठायची वेळ बघा. एरवी सहाला उठणारा माणूस रविवारी अकराला उठत असेल, तर दर आठवड्याला तो शरीराला पाच तास पलीकडच्या देशात नेऊन सोमवारी परत आणतोय. थकवा भरून काढायचा असेल तर रात्री लवकर झोपा किंवा दुपारी पडा. सकाळची वेळ तासा-दीड तासापेक्षा जास्त पुढे ढकलू नका.

शरीरात नेमकं काय बिघडतं

झोप दोन गोष्टींवर चालते. पहिली म्हणजे साठत जाणारा दाब. जागे असताना मेंदूत ॲडिनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि झोपेत त्याचा निचरा होतो. चहा-कॉफीतलं कॅफिन ॲडिनोसिनची जागा अडवून बसतं, त्यामुळे दाब जाणवत नाही, पण तो साठतच असतो. दुसरी गोष्ट म्हणजे मेंदूच्या तळाशी, डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या वर असलेलं सुमारे वीस हजार पेशींचं घड्याळ. बहुतेकांचं हे घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित मोठं असतं आणि सकाळचा उजेड डोळ्यात गेला की ते रोज जुळवून घेतं. पेशींच्या आत हे घड्याळ कसं चालतं ते फळमाश्यांवर काम करून उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकल रॉसबॅश आणि मायकल यंग यांना २०१७ साली वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

यकृत, इन्सुलिन तयार करणारं स्वादुपिंड, आतडी, हृदय या सगळ्यांची स्वतःची घड्याळं आहेत आणि ती मेंदूतल्या घड्याळाच्या सुरात चालतात. रात्री तीनला कॅन्टीनचा वडापाव खाल्ला की मेंदू जागा असतो, पण स्वादुपिंड रात्रीच्या तयारीत असतं. तेच अन्न सकाळी खाल्लं असतं तर रक्तातली साखर जितकी चढली असती, त्यापेक्षा ती रात्री जास्त चढते आणि जास्त वेळ चढलेली राहते. झोपेत रक्तदाब खाली यायला हवा; झोपच नाही तर तोही उतरत नाही. वर्षानुवर्षं पाळ्या करणाऱ्यांमध्ये मधुमेह, हृदयविकार, पोटाचे त्रास आणि उदासी जास्त आढळते, ती याच ओढाताणीतून. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनेही २००७ साली रात्रपाळीच्या कामाला "बहुधा कर्करोगकारक" गटात घातलं आणि २०१९ साली फेरविचार करून ते तिथेच ठेवलं. हे वाचून नोकरी सोडायची नाही. वर्षातून एकदा साखर, रक्तदाब, वजन आणि कोलेस्टेरॉल बघायचं, आणि डॉक्टरांना "मी रात्रपाळी करते" हे आवर्जून सांगायचं. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या असतील तर पाळीप्रमाणे वेळा त्यांच्याकडूनच लिहून घ्यायच्या. गाडी चालवताना साखर एकदम उतरणं हा झोपेइतकाच मोठा धोका आहे.

रात्रपाळी असेल तर दिवस असा लावा

पहिल्या नाइटच्या आधी दुपारी दीड तास झोपून घ्या. अनेकजण पहिल्या नाइटला सकाळपासून जागे राहून येतात आणि पहाटे चारला त्यांचे २२ तास झालेले असतात, आमच्या कशेडीसारखेच. नाइटची मालिका चालू असेल तेव्हा झोपेचा एक तुकडा पक्का ठेवा. माझा सकाळी नऊ ते दुपारी एक असा आहे. या चार तासांना घरातलं कोणीही हात लावत नाही. उरलेली झोप संध्याकाळी कामावर जाण्याआधी. मालिका संपली की शेवटच्या सकाळी जेमतेम दोन-तीन तास झोपायचं, उठायचं, बाहेर उजेडात फिरायचं आणि रात्री दहाला अंथरुणात.

मुंबईच्या घरात दिवसा झोपणं हे खरं कौशल्याचं काम आहे. एक खोली, कुकरच्या शिट्ट्या, भंगारवाल्याची आरोळी, कुरिअर, वरच्या मजल्यावरचं ड्रिलिंग. मी काय केलं ते सांगते. खिडकीला काळ्या कापडाचं अस्तर लावलेला पडदा, कडेच्या फटींना वेल्क्रोची पट्टी. कानात फोमचे इअरप्लग, ते औषधाच्या दुकानात मिळतात. टेबलफॅन उश्याशी नाही, दरवाज्याच्या बाजूला, म्हणजे त्याची घरघर बाहेरचे आवाज झाकते. फोन गप्प करून फक्त घरच्या दोन नंबरांना वाजायची मुभा. दारावर पाटी: "नाइट करून आले आहे, एकनंतर बेल वाजवा." शेजारच्या काकूंना एकदा बसून समजावून सांगितलं. आता त्याच माझं पार्सल घेऊन ठेवतात.

उजेडाचं गणित उलटं करायचं. पाळीच्या पहिल्या अर्ध्या भागात भरपूर दिव्यांखाली राहा. सकाळी घरी जाताना टोपी आणि काळा चष्मा, म्हणजे उजेड मेंदूला "दिवस सुरू झाला" असं सांगणार नाही. हे फक्त बस, लोकल किंवा कंपनीच्या गाडीने जात असाल तर. स्वतः चालवत असाल तर काळा चष्मा नको. लोकलमध्ये नाइट करून आलेल्या माणसाने दारात उभं राहू नये. आत शिरा, खांब धरा, जागा मिळाली तर उतरायच्या पाच मिनिटं आधीचा गजर लावा.

जेवण घरून निघण्याआधी पोटभर करा. मध्यरात्रीनंतर थोडंच: भाजलेले चणे, केळं, ताक. चहा-कॉफी पाळीच्या पहिल्या अर्ध्यातच. कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच-सहा तास लागतात, त्यामुळे पहाटे पाचचा कडक चहा सकाळी नऊची झोप खातो.

पाळ्या लावणं तुमच्या हातात असेल तर मॉर्निंगनंतर इव्हनिंग, मग नाइट असा क्रम ठेवा. शरीराचं घड्याळ मुळात २४ तासांपेक्षा थोडं लांब असल्यामुळे पुढे सरकणं त्याला सोपं जातं. इव्हनिंग संपवून घरी रात्री अकराला आणि सकाळी सातला पुन्हा हजर, असा फेरा शक्य तिथे टाळा. दोन पाळ्यांमध्ये किमान ११ तास हवेत.

गाडीला हात लावण्याआधीचे तीन प्रश्न

एक: तुम्ही किती तास जागे आहात? सलग १७ तास जागं राहिल्यावर हाताचा आणि नजरेचा मेळ रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखा बिघडतो आणि २४ तासांनी ०.१० टक्के असल्यासारखा, हे १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मोजून दाखवलं. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. सकाळी सहाला उठलेला माणूस रात्री अकराला, पनवेल यायच्या सुमारास, त्या पातळीचा उंबरठा ओलांडून गेलेला असतो. नाकाबंदीतल्या यंत्रात ते दिसत नाही.

दोन: गेल्या २४ तासांत किती झोपलात? अमेरिकेतल्या रस्ता सुरक्षेवर काम करणाऱ्या एएए फाउंडेशनने २०१६ साली दिलेल्या अहवालात पाच-सहा तास झोपलेल्या चालकांचा अपघाताचा धोका सात तास झोपलेल्यांच्या जवळजवळ दुप्पट आणि चार-पाच तास झोपलेल्यांचा चौपटीहून जास्त दिसला. माझा नियम: पाच तासांपेक्षा कमी झोप असेल तर किल्ली दुसऱ्याकडे.

तीन: गाडी कोणत्या वेळेत चालणार? पहाटे दोन ते सहा हा शरीराच्या घड्याळाचा तळ आहे. पुरेशी झोप झालेल्यालाही या वेळात पेंग येते. दुसरा, लहान खड्डा दुपारी दोन ते चारचा. पुण्याहून भरपेट जेवून परतताना घाटात जांभया येतात त्या यामुळे.

तिन्हींपैकी दोन उत्तरं वाईट असतील तर निघायचं नाही. सासरी वाट बघत असतील, हॉटेलचे पैसे भरलेले असतील, तरी नाही.

औषधांचंही बघा. पावसाळ्यात सर्दी झाली की आपण मेडिकलमधून गोळी घेतो. क्लोरफेनिरामाइन असलेल्या सर्दीच्या गोळ्या, खोकल्याची बरीच सिरप आणि गाडी लागू नये म्हणूनच्या गोळ्या चांगल्याच गुंगी आणतात. सेटिरिझीननेही अनेकांना झोप येते. गाडी चालवायची आहे हे आधी सांगून गोळी मागा.

रस्त्यावर असताना

धोक्याच्या खुणा ओळखा: वारंवार जांभया, डोळे चुरचुरणं, मान खाली जाणं, गाडी पट्ट्यावरून सरकणं, गेले दोन-तीन किलोमीटर न आठवणं. शेवटची खूण आली म्हणजे क्षणभराच्या झोपा आधीच लागून गेल्या आहेत. समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरने गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. तीन सेकंद डोळे मिटले की शंभर मीटर गाडी कोणीच चालवत नव्हतं. सरळ, मोकळा, वळणं नसलेला रस्ता मेंदूला काम देत नाही, म्हणून तिथे दर दोन तासांनी उतरायचंच, ताजंतवानं वाटत असलं तरी.

काच खाली करणं, गाणी मोठ्याने लावणं, तोंडावर पाणी मारणं, तंबाखू किंवा शेंगदाणे चघळणं यांनी फार तर काही मिनिटं मिळतात. कामाला येते ती झोपच. पद्धत अशी: उजेड असलेला पेट्रोलपंप किंवा द्रुतगती मार्गावरचा फूड मॉल गाठा. रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यावर कधीही थांबू नका. मागून येणाऱ्या, कदाचित स्वतःच पेंगणाऱ्या ट्रकसाठी तुमची उभी गाडी म्हणजे भिंत. कडक कॉफी एका दमात प्या. कटिंग चहात कॅफिन कमी असतं, त्यावर विसंबू नका. लगेच वीस मिनिटांचा गजर लावून सीट मागे घ्या. कॉफी अंगात चढायला साधारण तेवढाच वेळ लागतो, तोवर डुलकी होते. इंजिन बंद, काच बोटभर खाली. उठल्यावर लगेच निघू नका, पंधरा मिनिटं पाय मोकळे करा, झोपेची धुंदी उतरू द्या. यातून तास-दीड तास मिळतो, तो अंथरूण गाठण्यासाठी वापरायचा. त्यात घर गाठता येत नसेल तर लॉज बघा.

पुढच्या सीटवर बसणाऱ्याने झोपायचं नाही, ही आमच्या घरची सक्ती आहे. त्याने बोलायचं, चालकाचे डोळे बघायचे आणि "थांबूया" म्हणायचं. असं म्हटल्यावर चालकाने वाद घालायचा नाही, हेही घरून निघतानाच ठरलेलं. आणि दुसरा चालक सोबत आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. तोही सकाळी सहापासून जागा असेल तर अदलाबदल करून काही मिळत नाही.

घोरणं

"किती छान झोपतात, कसे घोरतात बघा" असं आपण कौतुकाने म्हणतो. जोरात घोरणं, मध्येच श्वास थांबणं आणि मग घुसमटून जाग येणं हे झोपेतल्या श्वासरोधाचं, स्लीप ॲप्नियाचं लक्षण आहे. असा माणूस आठ तास अंथरुणात असतो, पण त्याची झोप रात्रभर तुटत राहते. दिवसा सिग्नलला पेंग, सकाळी डोकं जड, रक्तदाब औषध घेऊनही चढलेला. उपचार न घेतलेल्या ॲप्नियात अपघाताचा धोका दोन-तीन पट असतो. तासन्‌तास बसून गाडी चालवणाऱ्यांचं वजन वाढतं आणि मानेचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर जातो, तिथे शंका जास्त घ्या. रात्री त्यांच्या नकळत दहा मिनिटांचा व्हिडिओ काढा आणि छातीच्या किंवा कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा. झोपेची तपासणी घरीही करता येते. हवेच्या दाबाचं सीपॅप यंत्र लावायला सुरुवातीला नको वाटतं, पण माझ्या चुलत दिरांनी ते लावल्यावर आठवड्याभरात दुपारची पेंग गेली. ते टेम्पो चालवतात.

दुसरा कोणी तुमच्यासाठी चालवत असेल तेव्हा

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकाच्या कामाला दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास अशी मर्यादा घातली. आपण लग्नाला भाड्याची गाडी करतो, तेव्हा हा आकडा कोणाच्या मनात नसतो. चालक पहाटे चारला दादरहून निघतो, नाशिकला पोचवतो, दिवसभर मंडपाबाहेर उन्हात गाडीत बसतो आणि रात्री अकराला आपण म्हणतो, "चला दादा, निघूया, घरी जाऊन झोपू." बुकिंग करतानाच विचारा: हे दादा आदल्या रात्री कुठली फेरी करून येणार आहेत? दिवसभराच्या थांब्यात त्यांना पंख्याखाली आडवं व्हायला जागा मिळेल याची सोय करा. कार्यालयात एक खोली मागितली तर मिळते. गाडीत बसल्यावर चालक पेंगताना दिसला तर त्याच्यावर ओरडू नका. चहाला थांबवा, वीस मिनिटं झोपू द्या, आणि त्या वीस मिनिटांचे पैसे कापले जाणार नाहीत हे आधी सांगा. बहुतेक वेळा तो त्याच भीतीने थांबत नाही.

आता आमचा गणपतीचा प्रवास

आदल्या दिवशी अर्धी रजा. दुपारपर्यंत बॅगा भरून डिकीत. साडेसातला जेवण, नऊला दिवे बंद, फोन बाहेरच्या खोलीत. चारला उठून अंघोळ, चहा, पोहे. सव्वापाचला निघतो, म्हणजे तळाची वेळ बहुतेक मुंबईतच, रहदारीच्या ओळखीच्या रस्त्यावर संपते. पेणच्या आसपास उजाडतं. वडखळला गर्दी असते, कधी तासभर जातो, आणि पूर्वीपेक्षा बराच उशिरा पोचतो हे खरं आहे. माणगावला अर्धा तास थांबून न्याहारी, तिथून पुढे चालक बदलतो; गाडी मीही चालवते, फक्त त्या आठवड्यात नाइट लागली असेल तर मला किल्ली मिळत नाही. महाडच्या पुढे पुन्हा एक थांबा. कशेडी दिवसाउजेडी. दुपारची आरती मिळते, सकाळची चुकते. पहिल्या वर्षी सासूबाई रुसल्या होत्या. यंदा त्यांनीच आदल्या रात्री साडेआठला फोन करून विचारलं, "अजून झोपला नाहीत?"